आधी परतीचं बघा

कमलमावशी सहलीचा कागद नेहमी खालून वर लिहायच्या. पानाच्या तळाशी आधी परतीची गाडी, तिची वेळ, जयपूरला उतरल्यावर घरी दूध कोण आणून ठेवणार इथपर्यंत. मग एकेक मुक्काम वर चढत जायचा आणि निघायचा दिवस सगळ्यात शेवटी, माथ्यावर. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू फुटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हस. जायला काय, कुणीही जातं. यायचं कसं ते बोल."

राजा पार्कात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीवर आले, इथेच निवृत्त झाले आणि इथेच गेले. मूलबाळ नव्हतं. जयपुरातल्या मराठी घरांत कुणाची एल.टी.सी., म्हणजे सरकारी प्रवाससवलत, मंजूर झाली की तो माणूस पेढे घेऊन आधी मावशींकडे हजर व्हायचा. कुठल्या स्टेशनवर गाडी किती वेळ थांबते, कुठल्या धर्मशाळेत गरम पाणी मिळतं, सगळं त्यांना तोंडपाठ. एकदा आमच्या यांनी सिमल्याला चार स्वेटर न्यायचं काढलं, तर म्हणाल्या, "काय रे, तिकडे दुकान टाकतोयस?" स्वतः मात्र जयपूरला आल्यापासून त्या पुष्करच्या पलीकडे फारशा गेल्या नव्हत्या.

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात आम्ही ठरवलं, नाताळच्या सुट्टीत अंदमान. मुरलीपुऱ्यातल्या आमच्या घराहून स्कूटरवर त्यांच्याकडे गेलो. नाव ऐकताच त्यांचं पेन थांबलं. मग म्हणाल्या, "माझंही तिकीट काढा."

तेव्हा कळलं की त्यांचा जन्मच पोर्ट ब्लेअरचा. वडील, त्या त्यांना दादा म्हणत, तिथल्या इस्पितळात कंपाउंडर. महायुद्धात जपानी येणार अशी आवई उठली आणि बायकामुलांना बोटीने हलवलं. मावशी तेव्हा चार वर्षांच्या. "चढताना माझी एक चप्पल निसटली. दादा धक्क्यावर ती हातात धरून उभे. म्हणाले, पुढच्या बोटीनं घेऊन येतो." पुढची बोट आलीच नाही, जपानी आले. युद्ध संपल्यावरही दादांचा पत्ता लागला नाही. साताऱ्याला मामाच्या घरी, बोट सुटल्यापासून बारा वर्षं वाट पाहिली आणि शास्त्राप्रमाणे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. त्या दिवशी आईचं कुंकू पुसलं गेलं.

"त्यांचं नाव तिकडे कुठंतरी दगडावर कोरलेलं असेल," मावशी म्हणाल्या. "एकदा हात फिरवून यावं."

इथे मी शहाणपणा केला. यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ पोर्ट ब्लेअरला बदलीवर होते. मावशींना न विचारता मी त्यांना दादांचं नाव कळवलं आणि ते कुठल्या स्मारकावर आहे याची चौकशी करायला सांगितलं. मावशींना आयतं नेऊन उभं करावं, एवढाच हेतू होता. सप्टेंबरात माझ्या नावे हिंदीत लिहिलेलं एक पत्र आलं. लिहिणाऱ्याचं नाव मोहन; चौकशी करत ते गृहस्थ त्याच्यापर्यंत पोचले होते. ते मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं.

दादांचं नाव कुठल्याही दगडावर नव्हतं. जपान्यांनी हेर म्हणून पकडून बेदम मारलं, तेव्हा त्यांनी इस्पितळातल्या एका सोबत्याचं नाव सांगितलं होतं. सोबत्याला गोळ्या घातल्या, दादा सुटले. युद्धानंतर त्याच सोबत्याच्या विधवेशी त्यांनी लग्न केलं. मोहन त्या दोघांचा मुलगा. दादा म्हातारे होऊन, अंथरुणात, मुलाच्या मांडीवर गेले. 'पिताजी म्हणायचे, कुठल्या तोंडानं परत जाऊ. त्यांच्या पेटीत लहान मुलीची एक चप्पल आहे. बडी दीदी आहेत हे कळल्यापासून झोप नाही,' असं लिहून खाली टेलिफोन नंबर दिला होता.

ते पत्र मावशींना वाचून दाखवलं. दोनदा वाटलं, मधली पानं गाळावीत. पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलंच असतं.

"पुतळ्याला अग्नी दिला तेव्हा सोळा वर्षांची होते मी," त्या म्हणाल्या. "आई तीन दिवस जेवली नाही. त्या दिवशी तो माणूस तिकडे जेवला असेल ना गं?"

मी चपलेचं काहीतरी बोलायला गेले.

"चप्पल ठेवली. माणसं नाही ठेवली."

त्यांनी सहलीचा कागद फाडला नाही. नीट घडी करून माझ्या हातात दिला. "तुम्ही जा. मला नको." आमचाही पाय निघेना, आम्ही तिकिटं रद्द केली. त्यानंतर त्यांनी कुणाच्याच सहलीचा कागद केला नाही. पेढे घेऊन आलेली माणसं चहा पिऊन परत जायची. आपण एका म्हातारीचा बाप दुसऱ्यांदा मारला, असं मला वाटत राहिलं. आज त्या नाहीत, तरी ते मनातून गेलेलं नाही.

डिसेंबरातल्या त्या रविवारी टीव्हीवर त्सुनामीचा समुद्र दाखवायला लागले. अंदमानचं नाव ऐकलं आणि मी तो कागद शोधून काढला. मावशींच्या अक्षरात लिहिलं होतं: रविवार, सकाळ, समुद्रकाठी फिरणे. तेवढ्यात दार वाजलं. बाहेर मावशी उभ्या. राजा पार्कहून एकट्या रिक्षा करून आल्या होत्या, पायांत घरातल्याच सपाता. "ते पत्र आण," म्हणाल्या. "नंबर लाव."

फोन लागेना. त्या आमच्याकडेच राहिल्या. सोमवार गेला, मंगळवार गेला. दर अर्ध्या तासाने त्या नुसत्या माझ्याकडे बघायच्या आणि मी नंबर फिरवायची. बुधवारी दुपारी पलीकडे घंटा वाजली आणि कुणीतरी उचललं. मी रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला.

"मोहन? मैं कमल। जयपुर से।"

पलीकडून एक पुरुष लहान मुलासारखा रडत होता. घर गेलं, पण माणसं आहेत, एवढं मलाही ऐकू आलं. मावशींनी डोळे मिटून घेतले.

"सबको लेके इधर आ जा," त्या म्हणाल्या. "वापसी का बाद में देखेंगे।"