अक्कांच्या घरचा चढ

जगात जे काही बिघडतं ते हवा कमी पडल्यामुळे बिघडतं, असं मनापासून मानणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. बायको आपण पाहून-सवरून करतो, साडू तिच्याबरोबर न विचारता येतो. इडली फुगली नाही, पंखा कुरकुरला, शेजारचा मुलगा गणितात नापास झाला किंवा कुठलं सरकार पडलं, तरी हे गृहस्थ मान तिरकी करतात, छताकडे बघतात आणि निदान सांगतात, "स्वल्प हवा कमी पडतीय." जयनगरातल्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकं चालू असताना खुर्चीवर चढून त्यांनी भिंतीतल्या वरच्या सगळ्या झडपा उघडल्या होत्या. हवा किती आली ते सांगता येत नाही, पण कबुतरं आली आणि खाली पडलेल्या अक्षता त्यांनी भटजींच्या पायांतून टिपल्या. त्या जोडप्याचा संसार आज उत्तम चाललाय आणि त्याचं थोडं श्रेय साडू अजून त्या झडपांना देतात.

त्यांच्या घराण्याला बंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या आहेत की आपण मुळात कुठून आलो हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. घरात मराठी टिकली आहे, पण तिच्यात कन्नड असं मिसळलंय की नव्या माणसाने पहिले दोन महिने नुसती मान हलवावी. मी पुण्याहून बदली होऊन इथे आलो, एचएसआर लेआउटमध्ये राहतो आणि दिवसभर ऑफिसात हिंदी बोलतो. माझ्या मराठीला ते 'पेपरातली मराठी' म्हणतात. माझ्या बायकोची मोठी बहीण, म्हणजे आमच्या ताई, साताऱ्याहून लग्न होऊन त्यांच्या घरी आल्या. साडूंना सगळे अण्णा म्हणतात म्हणून मीही तोंडावर अण्णाच म्हणतो. पाठीमागे काय म्हणतो ते माझ्या बायकोला माहीत आहे.

नोकरी त्यांनी एका सरकारी कारखान्यात केली, आणि तीही उभी हयात एकाच जागी. तिथे इंजिनं तपासली जात. इंजिन सिमेंटच्या चौथऱ्यावर बोल्ट लावून घट्ट बसवायचं, पूर्ण ताकदीने चालवायचं आणि काचेपलीकडे उभं राहून काटे वाचायचे, हे त्यांचं काम. ते इंजिन तासन्‌तास गर्जना करत असे आणि तसूभरही हलत नसे. या नोकरीतून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या. एक म्हणजे मोठ्याने बोलण्याची सवय, आणि दुसरी हातभर लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक यंत्राला लावायचं आणि मूठ कानाला, म्हणजे आतलं सगळं ऐकू येतं असं ते म्हणतात. त्यांनी फ्रिज ऐकलाय, मिक्सर ऐकलाय, पाण्याची मोटर ऐकलीय. मागे मला खोकला झाला होता तेव्हा ते भेटायला आले ते हा स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच. बराच वेळ माझ्या छातीकडे बघत बसले. शेवटी त्यांनी मोह आवरला आणि खिडकी उघडून गेले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, उंच, चौकोनी, जंगलात जायच्या ऐटीची पेट्रोलवरची गाडी घेतली. ऐट जंगलाची असली तरी आधीच्या मालकाने पुढच्या चाकांची ओढ काढून टाकली होती, त्यामुळे ती इतर गाड्यांसारखी मागच्या दोनच चाकांवर चालायची. साडूंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी इंजिन ऐकलं, आवाज बरा आहे म्हणाले आणि गाडी घरी आणली. ही गाडी वर्षातून एकदाच खऱ्या कामाला लागायची, आणि ते काम म्हणजे ताईंना अक्कांकडे नेणं.

अक्का म्हणजे ताईंच्या पहिल्या शेजारीण. ताई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना कन्नडचा एक शब्द येत नव्हता आणि सासूबाई कमी बोलायच्या. भिंतीपलीकडच्या या बाईने त्यांना कन्नड शिकवलं, फिल्टर कॉफी शिकवली आणि रडू आलं तर कुठे जाऊन बसायचं तेही दाखवलं. पुढे अक्का सकलेशपूरपलीकडे नवऱ्याच्या कॉफीच्या मळ्यावर राहायला गेल्या. तेव्हापासून दर वर्षी थंडीत ताई तिथे जातात. अडचण एकच होती, ती म्हणजे अक्कांच्या घरचा चढ. शेवटची वाट लाल मातीची, खड्यांची आणि भिंतीला शिडी लावावी तशी उभी. चालवणाऱ्याखेरीज आणखी एक माणूस जरी गाडीत असला तरी तिथे चढताना इंजिन धापा टाकून बंद पडायचं. म्हणून सगळ्यांनी खाली उतरायचं, साडूंनी रिकामी गाडी वर न्यायची आणि बाकीच्यांनी मागून चालत यायचं, असा रिवाज पडला होता.

मग ताईंचे गुडघे गेले. एका वर्षी त्या चढाच्या पायथ्याशी उतरल्या, दहा-बारा पावलं चालल्या आणि दगडावर बसल्या. अक्कांची जीप केव्हाच विकली गेली होती, उरला होता ट्रॅक्टर. पण त्याच्या ट्रॉलीत चढायचं म्हणजे चढापेक्षा अवघड. शेवटी काठी टेकत अक्काच खाली आल्या आणि त्या दोघी रस्त्याच्या कडेला मधे थर्मास ठेवून बसल्या. परत येताना ताई गाडीत म्हणाल्या की आता हे शेवटचं, पुढच्या वर्षी मला आणू नका. अक्कांचं वय झालं होतं, बंगळूरचा प्रवास त्यांना झेपत नव्हता. म्हणजे या दोघींची भेट आता त्या चढावर अवलंबून होती, आणि हे गाडीतल्या प्रत्येकाला कळत होतं. हासनजवळ आल्यावर साडूंनी मान तिरकी केली आणि म्हणाले, "हवा कमी पडतीय. इंजिनाला."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या जेवणाच्या टेबलावर सुपरचार्जर आला. कुठल्याशा अपघातात मोडलेल्या परदेशी गाडीतून तो काढलेला होता. हे प्रकरण काय असतं ते त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं आहे की मी आता ते झोपेतही सांगू शकेन. इंजिन आपल्या आपण जेवढी हवा ओढतं तेवढ्यावर न भागवता, त्याच्याच पट्ट्यावर फिरणाऱ्या या यंत्राने आणखी हवा आत कोंबायची. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणून ताकद जास्त. थोडक्यात, आयुष्यभर जे निदान ते करत आले होते त्याचं औषध त्यांना अखेर मिळालं होतं. ते औषध वर्तमानपत्रावर पसरून कित्येक महिने टेबलावरच होतं आणि ताई त्याच्या कडेकडेने ताटं मांडत होत्या. आयुधपूजा आली तेव्हा गाडीला झेंडूचा हार घातला गेला, चाकांखाली लिंबं ठेवली गेली, आणि ताईंनी टेबलावरच्या त्या लोखंडालाही वेगळं हळदकुंकू वाहिलं. मला त्यांनी हळूच विचारलं की याने खरंच गाडी चढेल का. मी पेपरातल्या मराठीत सांगितलं की शक्यता नाकारता येत नाही.

बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये सुपरचार्जर इंजिनावर बसवायचं काम सुरू झालं. साडू रोज डबा घेऊन तिथे जाऊ लागले. पिवळा दिवा दिसला तरी गाडी थांबवणारा हा माणूस. इंजिनात असे फेरफार कायद्यात बसतात का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कधी पट्टा घसरायचा, कधी इंजिन आतून खडखडायचं. एकदा भलतीच कसली नळी सुटून शेडभर शिटी वाजली आणि शेजारच्या कारखान्यातले लोक जेवणाची सुट्टी झाली समजून बाहेर आले. शेवटी एका संध्याकाळी गाडी तयार झाली आणि साडू ती दाखवायला माझ्याकडे निघाले. होसूर रोडवर त्या दिवशी जो काही वाहनांचा मुरांबा झाला होता, त्यात त्यांना इतका वेळ लागला की वाढलेली सगळी ताकद पहिल्या गियरमध्ये उभं राहण्यातच खर्च झाली. आमच्या गल्लीत येऊन त्यांनी एकदा पाय दाबला. कुकरची शिटी होता होता राहावी तसा आवाज झाला आणि समोरच्या इमारतीतल्या तीन गाड्यांचे भोंगे आपोआप वाजू लागले. माझी बायको म्हणाली, भाऊजी, अक्कांकडे यायचं ताई ऐकणार नाही. ते म्हणाले, "ऐकंल. तिला कुठं जायचं ते सांगू नका, नुसतं गाडीत बसवा."

ताईंना गाडीत बसवायला माझ्या बायकोने बरंच काही खोटंनाटं सांगितलं आणि थंडीत आम्ही चौघं निघालो. पायथ्याशी आल्यावर मी आणि माझी बायको रिवाजाप्रमाणे उतरलो. ताई साडूंशेजारी बसून राहिल्या, दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून. गाडीने तो शिटीसारखा सूर लावला आणि निघाली. आजवर जिथे इंजिन मान टाकायचं ते वळण तिने सहज मागे टाकलं. मी, खोटं कशाला बोलू, जागच्या जागी टाळी वाजवली. आणि निम्म्यावर मागची चाकं नुसतीच गरागरा फिरू लागली. लाल माती आणि खडे आमच्या अंगावर आले. इंजिन जीव खाऊन ओरडत होतं, चाकं फिरत होती आणि गाडी जराशी तिरकी होऊन तिथेच नाचत होती.

साडूंनी हँडब्रेक ओढला, खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला, बॉनेट उघडलं आणि स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. इंजिन उत्तम आहे म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, इंजिन वर पोचलंय. गाडी इथंच आहे." ते फिरलेल्या चाकांच्या खुणांकडे बघत राहिले. उभ्या हयातीत त्यांनी जेवढी म्हणून इंजिनं पाहिली ती सगळी सिमेंटला बोल्ट लावलेली होती. खाली जमीन असते आणि ती धरून चालावं लागतं, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नव्हता. मग ते अगदी हळू आवाजात, जसं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं, म्हणाले, "चाकं आमच्या खात्याकडं नव्हती."

ताईंनी सवयीने दाराच्या कडीला हात घातला. वरून कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत होतं, म्हणजे अक्का अंगणात येऊन उभ्या असणार. साडू चटकन त्या दारापाशी गेले आणि बाहेरून ते धरून म्हणाले, "उतरू नको." काय करणार आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ताईंनी कडीवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "अहो, ग्राइंडर रिकामा असला की असाच नाचतो. मागं माणसं बसवा."

आजवर गाडी चढावी म्हणून आम्ही उतरत होतो. आता ती चढावी म्हणून आम्हाला बसायचं होतं. कॉफी तोडायला निघालेल्या मळ्यातल्या चार बायका कडेला उभ्या राहून ही गंमत बघत होत्या, त्यांना साडूंनी हात जोडून बोलावलं. चौघी, आम्ही दोघं आणि त्यांच्या टोपल्या असे सगळे मागच्या बाजूला, अगदी शेवटपर्यंत सरकून, एकमेकांच्या मांडीवर बसलो. चाकाचा दगड काढून, गाडी थोडी मागे घेऊन साडूंनी पुन्हा पाय दाबला. यावेळी चाकांनी जमीन धरली. एका बाईचं कोपर माझ्या बरगडीत रुतलं होतं, दुसरी खिदळत होती, इंजिनाचा शिटीसारखा सूर मोठा मोठा होत होता, आणि ती गाडी आम्हा सगळ्यांना घेऊन थेट अक्कांच्या पायरीपर्यंत गेली. अक्कांनी ताईंचा हात धरून त्यांना उतरवलं आणि कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या की उशीर केलास, कॉफी निवली.

दोघी आत गेल्या. साडू पायरीवर बसले, हात मातीने लाल झालेले. मी शेजारी बसलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की अण्णा, जमलं तुमचं. ते खाली, चढाकडे बघत होते. म्हणाले, "दर वर्षी मी एकटा वर यायचो. ही आरशात दिसायची. चालत येताना. लहान लहान होत जायची बघा, आणि वळणावर दिसायचीच नाही." या माणसाची मी इतकी वर्षं थट्टा केली, पण त्या क्षणी मला त्यांचा फार लोभ वाटला.

गेल्या वर्षी अक्का मुलाकडे म्हैसूरला राहायला गेल्या. तिथे लिफ्ट आहे. ताई महिन्या-दोन महिन्यांनी ट्रेनने जातात, बटण दाबतात आणि वर पोचतात. त्या चढावर आता कुणालाच जायचं नसतं. सुपरचार्जर मात्र गाडीत आहे आणि गाडीला काहीतरी काम हवं, म्हणून रविवारी सकाळी साडू तिच्यातून ताईंना जयनगरच्या भाजीबाजारात नेतात. घरापासून बाजार एवढा जवळ आहे की इंजिन गरम व्हायच्या आत तो येतो. कडेला गाडी लावून ते पिशवी उचलतात आणि ताईंना म्हणतात, उतरू नको.

ताईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे आणि त्या आता माझ्यापेक्षा भराभर चालतात. एकदा मी त्या बाजारात त्यांना तसं गाडीत बसलेलं पाहिलं आणि काचेपाशी जाऊन विचारलं की उतरत का नाही, भाजी तुम्हालाच चांगली कळते. त्या म्हणाल्या, "बसते. त्यांना बरं वाटतं." आणि पुन्हा डावीकडच्या आरशात बघू लागल्या. पिशवी घेतलेले साडू त्यात मागे मागे चालले होते, कोथिंबिरीच्या गाड्यांमधून, गर्दीतून, लहान लहान होत. ते वळून दिसेनासे होईपर्यंत ताईंनी नजर काढली नाही.