शीव बांधली तो दिवस

२०१९ साल. मी छप्पन्न वर्षांचा, शिंदखेडा तालुक्यात सहायक फौजदार. शाळा सातवीपर्यंत, पण तपासात मी कोणाला हार गेलो नाही. पुष्कळ केसेस डोक्यातून गेल्या, ही गेली नाही.

एका गावच्या माजी सरपंचांची, नानांची, सून संध्याकाळी चारा कापायला गेली ती परतलीच नाही. सकाळी बेपत्ताची खबर आली. शिपाई घेऊन पोचलो तर मारुतीच्या पारावर नाना आणि आताचे सरपंच आबा एका सतरंजीवर. दोघांत वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. बुद्धविहारातले पुढारीही शेजारी बसलेले. सून सुखरूप यावी म्हणून प्रार्थना मांडली होती आणि गावाची शीव बांधली होती. म्हणजे दिवस मावळेपर्यंत गावाबाहेर कोणी पाऊल टाकायचं नाही.

मी म्हटलं, "आबा, शोधायला माणसं द्या."

"फौजदार, तुमनी काठीथीन मारोतीना हात लांब शे."

नाना डोळे मिटून होते. एक माणूस उठला नाही. मी ऐकणारा नव्हतो. शिपायाला घेऊन नदीकाठ पालथा घातला. काही मिळालं नाही.

ऊन कलल्यावर बकऱ्यावाल्या अक्काने मला बाजूला घेतलं. "भाऊ, नानाना सालदारले इचारा. सकायथीन पानी बी पित नही तो."

नानांच्या त्या सालावरच्या गड्याला मंदिरामागे नेलं. हात उगारला नाही. गप्प माणसाजवळ आपणही गप्प बसायचं, ही माझी रीत. शेवटी तो रडायला लागला.

"ढोरंसले पानी पाजाले चोरीन गयथू. जुनी विहिरमाईन वहिनीना आवाज उना."

"मंग काबर सांगं नही?"

"आबानी सांगं व्हतं, जो शिव वलांडी, त्याना माथे तिनं मरन."

विहिरीवर धावलो, तिला वर काढलं तेव्हा ती गेलेली होती. विहिरीत पाणी कमरेएवढंच. डोक्याला मार होता. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत जीव असावा. पाय घसरल्याच्या खुणा काठावर स्पष्ट होत्या. अकस्मात मृत्यूची नोंद केली. बाकी जे घडलं त्याला कलम नाही. आबा वाईट नव्हते, नाना तर घरचेच. सगळे मनापासून बसले होते. वाईट माणूस सापडला की तपास संपतो, इथे तो सापडलाच नाही. चांगली माणसं एकत्र बसली म्हणजे काम झालं, असं तेव्हापासून मी मानत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भडगावहून तिचे वडील आले. ठाण्यात त्यांना चहा दिला, जबाब घ्यायला बसलो. त्यांनीच मला विचारलं, "भाऊ, गाव दिवसभर काय करत होतं?"

"तिच्यासाठी देवाजवळ बसलं होतं."

"सगळं गाव?"

"सगळं."

त्यांनी गावाच्या दिशेनं हात जोडले. मी जबाबावर त्यांचा अंगठा घेतला.