बिनखिडकीच्या भिंतीला पडदा

मला भोळा समजू नका, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या रस्त्यावर कुणी उतरवून टाकलेलं लिंबू पडलं असेल तर लोक वळसा घालून जातात. मी ते उचलून बघणारा माणूस आहे – चांगलं असेल तर सरबत करीन. अंगात येणं, दृष्ट लागणं, सावली दिसणं... सत्तरी उलटली तरी यातलं काहीही मी मानलं नाही. आजही मानत नाही. तरी पण जे झालं ते झालं, आणि ते माझ्याच हॉलमध्ये झालं.

शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण इथं कानडी मुलखात, चिकपेटच्या बाजारातल्या एका गल्लीत, पडदे शिवायच्या मशीनवर. हे सूनबाईनं मोबाइलवर टाइप केलंय. शुद्धलेखन तिचं, म्हणणं माझं. "बाबा, हे वाक्य जरा सौम्य करूया का?" असं तिनं दोन-तीनदा विचारलं. मी नाही म्हटलं.

घर बनशंकरीत, देवळाच्या मागच्या अंगाला. तीस बाय चाळीस फुटांची साईट, म्हणजे प्लॉट, त्यावर एक मजला. पुढं व्हरांडा, मग हॉल, मग स्वयंपाकघर, एका बाजूला दोन खोल्या. हॉलची पश्चिमेची भिंत लांबलचक आणि सपाट. तिला खिडकी नाही, कधीच नव्हती. शेजारची साईट तेव्हा रिकामी होती, पण या गावात रिकामी साईट किती दिवस रिकामी राहते? पुढं मूर्ती नावाच्या गृहस्थांनी तिथं चार मजले उठवले, अगदी आमच्या भिंतीला भिंत लावून. तेव्हापासून व्हरांड्यातून येणारं ऊनही अडलं, आणि आमचा हॉल भर दुपारी सुद्धा संध्याकाळसारखा.

मला त्याचं काही नव्हतं. पण माझा मुलगा गिरीश इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, आणि सून मृणाल पुण्याची, ती घरूनच काम करते – त्याच हॉलमध्ये, दिवसभर ट्यूबलाइटखाली. डोकं दुखतं म्हणायची. चेहरा उतरलेला असायचा. खोटं कशाला बोलू, मला ते दिसत होतं. मग एक दिवस जेवताना गिरीश म्हणाला, "अण्णा, ऑफिसजवळ एक फ्लॅट बघितलाय. बाराव्या मजल्यावर. तिन्ही बाजूंनी उजेड. तुमची पण खोली आहे."

"आणि हे घर?"

"बिल्डरला देऊ ना. जुनं झालंय."

"मी पण जुनाच आहे. मला कुणाला देतोस?"

"अण्णा, स्वल्प ऐका तरी..."

"ऐकलं. सरी, ठीक आहे. तुम्ही जा. मी येत नाही."

दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. शेवटी मृणालच म्हणाली, "बाबा, मला पण हे घर सोडायची हौस नाही. मला फक्त उजेड हवाय. दुपारी ट्यूब न लावता मला या हॉलमध्ये वाचता आलं, तर मी कुठं जात नाही. शब्द देते."

"लागली पैज," मी म्हटलं. गिरीश हसला. फ्लॅटवाल्याला रविवारी उत्तर द्यायचं होतं. म्हणजे हातात आठवडा.

मृणालची एक मैत्रीण ऋतुजा, नागपूरची, घरं सजवायचं काम करते. ती आली. पोरगी हुशार, तोंडाळ, मला आवडली. आल्या आल्या म्हणाली, "काका, हा हिरवा ऑइल पेंट कुणी मारला? हा तर सगळा उजेड गिळून राहिला!"

"मी मारलाय. पुसता येतो."

"पुसता येतो म्हणून काय दवाखाना करायचा घराचा?"

तिनं भिंती फिक्या केल्या – पांढऱ्या नव्हे, ताकासारख्या. काळा सोफा मागच्या खोलीत ढकलला, वेताच्या हलक्या खुर्च्या आणल्या. शोकेस काढली. खाली फिकी सतरंजी, कोपऱ्यात सावलीत जगणारी झाडं. सांगतो, खोली सुधारली! एवढी मोठी होती हे मलाच माहीत नव्हतं. मी तोंडावर तसं म्हटलं नाही, पण जेवायला थांबवून घेतलं, त्यात समजून घ्यायचं.

पण उजेड? तो नव्हताच, तर वाढेल कुठून... तिनं मोठा आरसा लावला. म्हणाली, "याच्यानं खोली डबल वाटते."

"वाटतेय खरी," मी म्हटलं. "आता दोन अंधाऱ्या खोल्या झाल्या."

मग छताच्या कडेनं पिवळ्या दिव्यांची पट्टी लावूया म्हणाली. मी म्हटलं, भर दिवसा दिवे लावायचे तर ट्यूब काय वाईट आहे? तेव्हा तिनं टेप गुंडाळून पिशवीत टाकली. मृणालनं उठून ट्यूब लावली. गिरीशनं फ्लॅटचे फोटो काढून पुन्हा दाखवायला सुरुवात केली.

आता माझं काम सांगतो. पडदा शिवणारे आम्ही लोक कापडाला लगेच कात्री लावत नाही. आधी कापड तसंच, न कापता, गिऱ्हाइकाच्या खोलीत टांगायचं. एक अख्खा दिवस. सकाळी कसं दिसतं, दुपारी कसं, दिवा लावल्यावर कसं – सगळं बघायचं. माझे वडील म्हणायचे, आधी कापडाला खोली बघू दे. हल्ली कुणी करत नाही, फोनवर फोटो बघून ऑर्डर देतात. मी दुकान बंद करेपर्यंत केलं.

आणि मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट माहीत होती. जिथं पडदा असतो तिथं माणसाला मागं खिडकी असल्यासारखं वाटतं. डोळ्याला फसवायचं, दुसरं काही नाही. मेट्रोनं चिकपेटला गेलो, ओळखीच्या दुकानातून सायीच्या रंगाचं जाडसर सुती कापड घेतलं, आणि पश्चिमेच्या त्या आंधळ्या भिंतीला वरपासून खालपर्यंत टांगलं. न कापता. कडा सुद्धा दुमडल्या नाहीत.

गिरीश ऑफिसातून आला आणि बघतच राहिला. "अण्णा... भिंतीला पडदा?"

"मग? भिंतीला लाज नाही काय?"

मूर्ती दारावरून जात होते. त्यांनीही डोकावून विचारलं, "एनु रावरे, गोडेगे परदेना?" म्हणजे, काय राव, भिंतीला पडदा का? आणि हसत हसत गेले. हसू द्या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जेवण झाल्यावर मी व्हरांड्यात पेपर वाचत बसलो होतो. आतून मृणालची हाक आली. "बाबा! ट्यूब तुम्ही बंद केलीत का?"

"मी कशाला करू?"

आत गेलो. करंट गेला होता. पंखा बंद, ट्यूब बंद, मूर्तींच्या घरचा मिक्सर पण बंद. आणि मृणाल हातात कागद घेऊन खुर्चीत बसलेली. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, करंट कधी गेला? मी मघापासून वाचतेय."

मग आम्ही दोघांनी एकदमच पडद्याकडे बघितलं.

पडदा उजळला होता. चमकत नव्हता हो – खिडकीवरचा पडदा दुपारच्या उन्हात जसा भरून येतो ना, तसा. मी जन्मभर हेच बघत आलोय, मला त्यात चूक होणार नाही. ऊन मागून येतं तेव्हा कापडाची वीण दिसते, एकेक धागा दिसतो. तशी वीण दिसत होती. आणि वरच्या बाजूला पानांच्या सावल्या... बारीक, हलणाऱ्या.

"ही कसली पानं?" मृणाल कुजबुजली.

पानं मी ओळखली. मूर्तींनी घर बांधलं त्याच्या आधी त्या साईटवर करंजाचं झाड होतं, इथं त्याला होंगे म्हणतात. मृणालनं ते बघायचा प्रश्नच नव्हता, ती तेव्हा शाळेत असेल, पुण्यात.

पुढं गेलो आणि पडदा बाजूला केला. मागं भिंत. ताकासारखा रंग, थंड, सावलीतली. उजेडाचा ठिपका नाही. पडदा सोडला – पुन्हा उजेड. पुन्हा उचलला, भिंत. मृणालनं उचलून बघितला, तेच. ती घाबरली असेल म्हणून वळलो, तर ही बाई हसत होती! डोळ्यांत पाणी आणि हसतेय.

ऋतुजाला फोन केला, ती रिक्षा करून आली. आली तेव्हा करंट आला होता, तरी आम्ही ट्यूब लावली नव्हती. तिनं आधी छप्पर बघितलं, मग आरसा काढून उलटा ठेवला, व्हरांड्याचं दार लावून घेतलं. उजेड तसाच. मग पडदा आणि भिंत यांच्यामध्ये हात घातला. तर तिच्या हाताची सावली पडद्यावर आमच्या बाजूला पडली! पाची बोटं, मनगटातल्या कड्यासकट. तिनं बोटं हलवली, सावलीनं हलवली. तिनं हात झटक्यात बाहेर काढला.

"काका, तुम्ही काय करून राहिले?" एवढंच म्हणाली आणि खाली सतरंजीवर बसली.

ऊन कलायच्या वेळेला पडदा हळूहळू विझला. गिरीशला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अण्णांनी मागं दिवा लपवलाय." शनिवारी त्याला सुट्टी. सकाळपासून भिंत ठोकून बघत होता, वायर शोधत होता. दुपारी उजेड आला आणि तो स्टुलावरून खाली उतरला. पण पोरगा माझाच, हट्टी. त्यानं पडदा काढून तिथं चादर टांगली – काही नाही. माझा पडदा समोरच्या भिंतीला टांगला – काही नाही. परत जागेवर आणला – उजेड! मग मूर्तींच्या घरी गेला. भिंतीपलीकडे त्यांचा जिना, त्याखाली जुनी सायकल आणि रंगाचे डबे. तिथं बल्ब सुद्धा नाही.

मूर्ती त्याच्याबरोबर आले. उंबऱ्याशी चपला काढल्या, बघितलं, आणि हात जोडायला लागले.

"मूर्ती, नमस्कार-बिमस्कार करायचा नाही," मी म्हटलं. "उद्या दारात रांग लागेल. बसा, कॉफी घ्या. आणि परवा हसलात ते आता परत घ्या."

त्यांनी परत घेतलं! कानाला हात लावून.

रविवारी दुपारी मृणालनं खुर्ची पडद्याजवळ ओढली, ट्यूब बंद केली, आणि मोठ्यानं वाचायला लागली – पेपरातली छोट्या जाहिरातींची बारीक अक्षरं, मुद्दाम. एकही शब्द अडला नाही. गिरीश उभा राहून ऐकत होता. मग व्हरांड्यात जाऊन त्यानं फ्लॅटवाल्याला फोन लावला. "नाही सर, आम्ही येत नाही... नाही, रेटचं काही नाही... घरात उजेड आलाय."

अख्ख्या आयुष्यात एवढं गोड वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

ऋतुजानं मग हॉल नव्यानं मांडला. पडद्यासमोर काही ठेवायचं नाही हा तिचा नियम. मृणालचं टेबल असं, की पडदा तिच्या डाव्या हाताला, म्हणजे लिहिताना सावली पडत नाही. कोपऱ्यातली झाडं पुढं आणली, त्यांना नवी पानं फुटलीत. कापड मात्र अजून न कापलेलंच आहे. खालची कड जमिनीवर लोळते, माझ्यातला कारागीर रोज चडफडतो, पण कात्री लावायचा धीर होत नाही. पाव्हणे येतात, म्हणतात, वा, काय छान उजेड आहे, खिडकी किती मोठी आहे? मृणाल म्हणते, उघडून बघा. मग त्यांची तोंडं बघायची.

गिरीशच्या ऑफिसातले एक इंजिनियर येऊन गेले. कुठून तरी परावर्तन होतंय म्हणाले. कुठून, विचारलं. पडदा उचलला, भिंतीला हात लावला, पडदा सोडला. मग पुन्हा उचलला, पुन्हा सोडला.

ढग असले की उजेड मंद येतो. पावसात येत नाही. बाहेर ऊन असेल तर मागं चार मजले असोत की चाळीस, दुपारी माझा पडदा उजळतो. का, ते मला माहीत नाही. ज्यांना माहीत असायला हवं त्यांनाही नाही. पूर्वी असं काही कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं, आणि तुम्ही मला हाकललंत तरी मला राग नाही.

मात्र आता नवीनच भांडण सुरू झालंय. आठवड्यातले दोन दिवस गिरीशही घरून काम करतो, आणि दुपारी त्याला पडद्याजवळची खुर्ची हवी असते. काल म्हणाला, "अण्णा, जरा सरका ना."

मी सरकलो नाही. बाराव्या मजल्यावर जा म्हटलं.