तांबूस कडेची पानं

विरारला चंदनसारच्या फ्लॅटमध्ये बसून मी लग्नपत्रिका हाताने बनवते. जाड हातकागद आणि त्यावर दाबून वाळवलेलं एक कोवळं विड्याचं पान. लोक पत्रिका वाचून झाली की पान खाऊन टाकतील, असं नवरा चिडवतो. चिडवू दे. पत्रिका मात्र खपतात.

पानं होळी गावातल्या एका मावशींच्या पानमळ्यातून आणते. मावशी नात्यातल्या नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चपलांवरून असं झाडलं, की परकेपण उरलंच नाही. वेल म्हणजे लक्ष्मी, तिच्यात अनवाणीच जायचं. कलेक्टर आला तरी चपला बांधावर. त्यांच्या तोंडाचा पट्टा नको, म्हणून मी चपला लांबूनच काढायचे.

गेल्या हिवाळ्यात दाबलेल्या पानांच्या कडा तांबूस निघू लागल्या. आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. टीपकागद बदलला, वरचं वजन बदललं. कड यायचीच. नाइलाजाने तशाच पत्रिका दिल्या, तर गिऱ्हाइकं खूश! "हा जुना लुक कसा आणता हो?" मला काय, मीही हसून घेतलं.

हौसेने मावशींना सांगायला गेले. त्या हसल्या नाहीत. पत्रिकेवरच्या पानाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं आणि मला विहिरीवर नेलं. पंपाच्या पाण्याखाली ओंजळ धरायला लावली.

"चाखून बघ."

पाणी मचूळ लागलं.

"सगळीकडे बोअर पडलेत. गोडं पाणी उपसलं की खालून खाडी वर येते," त्या म्हणाल्या. "पावसात होईल गोड. तोवर कुणाला बोलू नको."

पावसाळ्यात मी प्रत्येक सरीला खिडकीशी जायचे. पाऊस भरपूर झाला. तरी नवीन पानांतली कड आत सरकतच होती, नखाएवढीची बोटाएवढी झाली. काही पानं टीपकागदातून काढताना हातातच मोडायची. मावशी पानं द्यायच्या, पण विहिरीकडे बघायच्या नाहीत, आणि मला विचारायचा धीर होत नव्हता.

दिवाळीनंतर लग्न ठरलेल्या एका मुलीच्या आईचा फोन आला. ऑर्डर मोठी होती, अट एकच. पानं अगदी तशीच हवीत, तांबूस कडेची. मला त्या बाईचा उगीचच राग आला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या मळ्यावर गेलेच.

मावशी बांधावर उभ्या होत्या. लागतील तेवढी घे, म्हणाल्या, आता सगळी तशीच आहेत. एरवी गर्द सावलीचा मळा मागे नको इतका उजेडाचा दिसत होता. मी सवयीने चपला काढायला वाकले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "घालूनच ये."

वाकलेलीच होते, म्हणून मला त्यांचे पाय दिसले. त्यांच्याही पायात चपला होत्या.