इटालियन हॉटेलांचं मागचं दार

“मागं घे! गाडी मागं घे म्हंतोय न्हवं! हे आपलं दार न्हाई!”

वांद्र्यातल्या एका झगमगीत इटालियन हॉटेलासमोर आमचे टेम्पोवाले मामा इतक्या जोरात ओरडले, की रखवालदारानं दचकून गाडी चालवणाऱ्या मलाच सलाम ठोकला. मागच्या सीटवरून मोरपंखी साडीतल्या मामी शांतपणे म्हणाल्या, “हितंच थांबव रे. मला पुढनंच जायचंय.”

मुंबईतल्या इटालियन हॉटेलांची जेवढी खडान्‌खडा माहिती या मामांना आहे, तेवढी खुद्द इटलीच्या वकिलातीलाही नसेल, हे मी तळेगाव ढमढेऱ्याच्या भर बाजारात उसाच्या ट्रॉलीवर उभं राहून सांगायला तयार आहे. आणि त्यातल्या एकाही हॉटेलात मामा कधी जेवलेले नाहीत, हेही त्याच ट्रॉलीवरून सांगेन. आमच्याकडच्या पॉलिहाऊसमधली लाल-पिवळी ढोबळी मिरची, झुकिनी आणि बेसिल नावाची ती परदेशी तुळस टेम्पोत भरायची आणि सकाळी मुंबईतल्या हॉटेलांच्या मागच्या दाराशी उतरवायची, हा त्यांचा धंदा. त्यांचे वडील मेंढरं घेऊन घाटानं कोकणात उतरायचे. मामा बेसिल घेऊन उतरतात. “बेसिल बरं,” ते म्हणतात, “वाटंत कुणाच्या रानात तरी शिरत न्हाई.”

मेंढरांच्या वाटेवर गावांना नावं नसतात, खुणा असतात. मामांनी हाच वारसा थेट मुंबईत नेला. हॉटेलाची पाटी असते पुढं आणि मामा असतात मागं. त्यामुळे त्यांच्या लेखी एक निळ्या दाराचं हॉटेल, एक गळक्या नळाचं, एक काण्या मांजरीचं. मुंबईला निघालेल्या कुणालाही ते एसटी स्टँडवर गाठून सल्ला देतात, “परळात गेलास तर गळक्या नळाचं सोडू नगं, तिथला आचारी पानी इचारतो. मांजरीच्यात मात्र जाऊ नगं. मांजर लई वाळलीय.” मांजरीचा आणि पिझ्झाचा काय संबंध, असं मी एकदा विचारलं. मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “आरं, जिथं मांजरीला काय उरत न्हाई, तिथं गिऱ्हाइकाला काय वाढत असत्याल?”

सणसवाडीच्या कारखान्यातला एक सुपरवायझर या सल्ल्यावर नव्या नवरीला घेऊन गेला. पाट्या वाचायच्या नाहीत असं बजावलेलं, म्हणून दोघं निळं दार शोधत गल्लीबोळ पालथे घालत राहिले. शेवटी सापडलं, ठोठावलं. ‘तळेगावच्या मामांनी पाठवलंय’ म्हटल्यावर आचाऱ्यांनी त्यांना भाजीच्या क्रेटवर बसवलं आणि आपल्यातलाच डाळभात पोटभर वाढला. इटालियन जेवण अगदी आपल्यासारखंच असतं, फक्त ताट मांडीवर घेतात, असं ती नवरी अजून माहेरी सांगते.

मामी त्याच पॉलिहाऊसमध्ये बेसिल खुडतात. त्यांच्या हाताचा चहा प्यायला तरी तोंडाला बेसिलचा वास येतो. लग्न झाल्यापासून मामा त्यांना सांगत आलेले, “मी गेलो की हाटेलाचा मालक उठून हुबा ऱ्हातो. तुला नेतो एकदा, बघ कसं पुढं पुढं करत्यात.” नेणं मात्र लांबतच गेलं. कधी घाटात दरड कोसळे, कधी टेम्पोचा क्लच जाई, एकदा तर इटलीत संप झाला. शेवटी मामींनी परस्पर मला आणि माझ्या गाडीला ठरवलं. खोपोलीला चहाला थांबलो तेव्हा मामांनी मला बाजूला ओढलं. “आरं, पुढच्या दाराला मला कुत्रं वळखत न्हाई. हिच्या म्होरं काय करू?”

आणि तसंच झालं. पुढच्या दारानं आत गेलो, कुणी उठलं नाही. वेटर इंग्रजीत काहीतरी बोलला, मामा धीर करून ‘येस’ म्हणाले, आणि आम्हाला संडासाशेजारचं टेबल मिळालं. घाटात ट्रकवाल्यांना घाम फोडणारे आमचे मामा खुर्चीच्या कडेवर, परक्याच्या लग्नात चुकून जेवायला बसल्यासारखे बसले. स्वयंपाकघराचं झुलतं दार हललं की त्यांची मान वर व्हायची. पण सकाळची पाळी कधीच सुटली होती. आत सगळी दुपारची अनोळखी माणसं.

मामी हे सगळं बघत होत्या. मी मेनूकार्डावर डोळे मिटून बोट ठेवलं होतं, त्याप्रमाणे पांढऱ्या रश्शातला पास्ता आला. वर बेसिलचं एकच पान. मामींनी ते उचललं, देठ निरखला, हुंगलं.

“परवाच्या खेपंतलं का वो?”

“व्हय,” मामा पुटपुटले.

“मंग माझ्याच हातचं हाय.” त्यांनी त्या पानाचे दोन तुकडे केले आणि एक मामांच्या ताटलीत ठेवला. मामांनी तो असा सावकाश खाल्ला, की शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वेटरला बोलावून तोच पदार्थ मागवला.

परतताना घाट चढून वर येईपर्यंत मामा गप्प होते. एवढी शांतता माझ्या गाडीला सवयीची नाही, इंजिनातही काहीतरी खरखरायला लागलं. शेवटी खिडकीबाहेर बघतच त्यांनी विचारलं, “कसं वाटलं गं?”

“बरं हुतं,” मामी म्हणाल्या. “आता एकदा मागचं दार दावा.”