मागे पडणारं विहार

आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहाराचा मी काढलेला पहिला फोटो बाबांना दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हे मागं पडून राहिलं ना वं."

खरंच पडत होतं. खाली रुंद, वर निमुळतं, आणि घुमट असा कललेला की कोणी छातीवर हात ठेवून ढकलल्यासारखा. आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली तेव्हा तिथे टिनाचं शेड होतं. पक्कं विहार उभं केलं ते बाबांच्या पिढीने, ड्यूटीवरून आल्यावर विटा वाहून. ते असं पडताना बघून त्यांना बरं कसं वाटणार?

मी शहराबाहेरच्या मिहान या नव्या उद्योग वसाहतीतल्या एका कंपनीत दिवसभर स्क्रीनसमोर बसते. डोळ्यांना वेगळं काही हवं म्हणून एका मित्राकडून जुना रोलचा कॅमेरा घेतला होता. त्याला दोन भिंगं. तो पोटाशी धरायचा आणि वरच्या काचेत वाकून बघायचं. त्या काचेत जग सुलट दिसतं, पण डावं-उजवं बदललेलं.

"असं काहून झालं पण?" बाबा फोटो सोडेनात.

"विहार उंच आहे नं. घुमट यावा म्हणून मी कॅमेरा वर केला. तो मागं झुकला, तं बिल्डिंगही झुकली."

बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. सांगितलेलं मान्य करण्याआधी स्वतः तपासायची त्यांना सवय. त्यांनी कॅमेरा मागून घेतला आणि बेडरूममधल्या लोखंडी कपाटासमोर उभे राहिले. आधी कपाट काचेत सापडेचना. "मी इकडं वळलो का हे तिकडं पळते!" मग सापडलं. त्यांनी कॅमेरा हळूहळू वर केला, कपाट मागे झुकलं. सरळ केला, कपाट सरळ झालं. आई दारात उभी राहून बघत होती आणि ते लहान पोरासारखे कपाट पाडत होते, उचलत होते.

"मंग आपला डोळा काहून नाही पाडत? आपणही तं मान वर करून पायतो."

"पाडत असन. पण आपल्याले माहीत असते का ते उभं आहे."

हे उत्तर मलाच अर्धवट वाटलं. त्यांनाही वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीत जाऊन कॅमेरा अगदी सरळ धरून पाहिला. भिंती उभ्या राहिल्या, पण घुमट कापला गेला आणि अर्ध्या काचेत नुसता रस्ता आणि उभ्या केलेल्या गाड्या. मागे सरकावं तर पाठीला समोरच्या घराची भिंत. उपाय एकच होता. विहाराच्या निम्म्या उंचीवर जाऊन समोर बघायचं, म्हणजे वर-खाली काही करावंच लागणार नाही. आणि ती उंची त्या समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरच्या गच्चीची होती.

त्या घरातल्या काकांशी बाबा कित्येक वर्षं बोलत नव्हते. दोघं एकाच बांधकाम कमिटीत होते. विहाराचं दार पूर्वेला, मोठ्या रोडकडे असावं असं बाबांचं म्हणणं. काकांना ते पश्चिमेला, गल्लीकडे हवं होतं. दार गल्लीकडे झालं. त्यानंतर दोघं एकाच वंदनेला बसायचे, पण एक या खांबाशी, दुसरा त्या खांबाशी.

"मीच विचारते काकांना," मी म्हणाले.

बाबांनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. "नको. मी विचारतो."

फाटक उघडून ते आत गेले आणि मी मागे. काका अंगणात पेपर वाचत होते.

"जय भीम," बाबा म्हणाले.

"जय भीम." काकांनी पेपर खाली ठेवला. एकदा बाबांकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे.

"पोरीले तुमच्या छतावरून विहाराचा फोटो काढाचा आहे."

"मंग विचारता कायले? जिना तिकडं आहे."

आम्ही मागच्या कठड्याला टेकून उभे राहिलो. काचेत पायऱ्यांपासून घुमटाच्या टोकापर्यंत सगळं विहार आलं, उभंच्या उभं. कडेला पिंपळाची एक फांदी मी मुद्दाम ठेवली, नाहीतर आकाश फारच मोकळं वाटत होतं. फक्त ऊन पांढरं होतं, भिंतीवरची नक्षी उठत नव्हती. संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. काकूंनी चहा पाठवला, तो घेऊन काकाच वर आले.

ऊन पिवळं झालं तसं काका बोलले, "लवकर काढ पोरी. माह्या घराची सावली पायऱ्यांवर चढून राहिली." आणि बाबांकडे न बघताच पुढे म्हणाले, "दार रोडकडं असतं तं फोटो कुठून काढला असता? मधात ट्रक आले असते."

"फोटोसाठी कोणी दार नाही बांधत," बाबा म्हणाले.

"मंग हवेसाठी बांधते. पायलं, किती हवा येते इकडून?"

मी दोघांच्या मधे उभी राहून बटण दाबलं. पुन्हा एकदा दाबलं. ते दोघं पूर्व-पश्चिम भांडत होते आणि मला हसू आवरत नव्हतं, म्हणून श्वास रोखावा लागला. एक फोटो हललाच.

रोल मी बाथरूममध्ये धुतला. निगेटिव्ह खिडकीपाशी धरली तेव्हा बाबा शेजारी होते. विहार काळं, आकाशही काळं, पायऱ्यांवर चढलेली सावली तेवढी पांढरी. त्यांनी पट्टीने भिंतीच्या दोन कडांमधलं अंतर खाली आणि वर मोजलं, दोन्हीकडे सारखं भरलं तेव्हा समाधानाने मान हलवली. छापून आलेला मोठा फोटो ते स्वतःच काकांकडे घेऊन गेले. परतले ते जेवणाची वेळ टळल्यावर. दाराचा निकाल अजून लागलेला नाही, पण आता ते रोज संध्याकाळी त्यावर बोलायला जातात.

मागच्या रविवारी मी त्यांना स्कूटरवर मिहानच्या पलीकडे नेलं. तिथे अजून बिल्डिंगा आलेल्या नाहीत. सपाट माळ, वाळलेलं गवत, लांब एकटं बाभळीचं झाड. बाबांनी कॅमेरा पोटाशी धरला आणि गोल फिरून सगळीकडे पाहिलं.

"इथं तं उभं असं काहीच नाही," ते म्हणाले. "मंग सुरुवात कुठून कराची?"

आम्ही झाडाच्या दिशेने चालायला लागलो.