बंद डब्यातून आलेली हाक

अंगात येणं, करणी, बाहेरची बाधा... यातलं मी कधी काही मानलं नाही. सासूबाई होत्या तेव्हा दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची टांगायच्या. त्या गेल्यावर ते लिंबू मी सरबताला वापरायला लागले, आणि घराला काही झालं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे बाई मुळातच भित्री आहे असं कुणाला वाटायला नको. लाजरी आहे, ते खरं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. शिक्षणही चौथीपर्यंतच. पण लिहायला बसलं की जमतं, म्हणून लिहिते आहे. नाव तेवढं छापू नका.

आमची वस्ती देवळाली प्रवरेपासून जरा आत आहे. घर, पुढे अंगण, अंगणापलीकडे गोठा, आणि गोठ्याच्या मागे लगेच ऊस. मध्ये फक्त बांध. घरात तेव्हा आम्ही चौघं होतो — मी, आमचे मालक, सून प्राजक्ता आणि नात ईश्वरी, म्हणजे इशू. ती नुकती अंगणवाडीत जायला लागली होती. मुलगा महेश पुण्याला कंपनीत, तो शनिवारी यायचा.

आमच्याकडे बिबट्याचा त्रास फार. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं गेलं, मग आमचं वासरू गेलं. तेव्हा महेशने गोठ्यावर कॅमेरा बसवला. घरातलं वायफाय तिथपर्यंत पोचेना, म्हणून खांबावर एक पांढरा डबाही लावला. ॲक्सेस पॉइंट म्हणतात त्याला, आम्ही डबाच म्हणायचो. कॅमेऱ्याला स्पीकर होता. महेश पुण्यातून मोबाईलवर गोठा बघायचा आणि बोलायचाही. रोज संध्याकाळी खरखरत्या आवाजात हाक यायची, "इशू, कुठंय माझी?" पोरगी असेल तिथून "आले पप्पा" म्हणत पळत सुटायची आणि कॅमेऱ्याखाली उभी राहून अंगणवाडीतली गाणी म्हणून दाखवायची. गाईसुद्धा त्या आवाजाला सरावल्या होत्या.

मग डब्याला दुखणं लागलं. त्याचा निळा दिवा चालू दिसायचा, पण आत सगळं अडकलेलं. मोबाईलवर गोठा दिसायचा, तो मघाचाच. एकदा प्राजक्ता स्वयंपाकघरात मोबाईल बघत मला सांगत होती की कालवड खुंट्याला आहे, आणि तेवढ्यात खरी कालवड आमच्या दारातून आत डोकावली. आम्ही हसलो, पण नंतर मला ते बरं वाटलं नाही. बिबट्या आला असता तरी आम्हाला शांत गोठाच दिसला असता.

महेशने कंपनीला विचारलं. फोनवर म्हणाला, "आई, हा नोन इश्यू हाय."

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे त्यांनाबी माहिती हाय. मधी डब्यात नवीन फर्मवेअर आलं, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर गं, त्यानं बिघडलंय. पुढचं येईस्तोवर रोज बंद करून चालू करायचा. दुसरा उपाय न्हाई."

दुखणं माहीत आहे आणि औषध नाही, असं मी माणसांच्या बाबतीत ऐकलं होतं. डब्याच्या बाबतीत पहिल्यांदाच. शिवाय त्याचं पथ्यही होतं. बटण दाबल्यावर निळा दिवा पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, घाई केली की परत अडकायचा. सकाळी केलं तर रात्रीपर्यंत टिकायचं नाही, म्हणून संध्याकाळी धारा काढायच्या आधी करायचं. धारा माझ्याकडे, म्हणून हे कामही माझ्याकडे आलं.

ते मला नकोसं वाटायचं. घरोघरी दिवा लावायची वेळ, आणि मी गोठ्यात जाऊन दिवा घालवायचा. मालक हसायचे. म्हणायचे, "अगं, तो काय देव्हाऱ्यातला हाय का? दाब बटन." मी दाबायचे.

त्या दिवशी मालक राहुरीला गेले होते, आणि प्राजक्ता दळण आणायला. इशू अंगणात मातीत खेळत होती. थंडीचे दिवस, ऊस तोडीला आलेला, पुरुषभर उंचीच्याही वर. तिन्हीसांज झाली होती, पण अजून चांगलं दिसत होतं. मी गोठ्यात गेले आणि बटण बंद केलं. डबा आणि कॅमेरा एकाच बटणावर होते. डब्याचा निळा दिवा गेला, कॅमेऱ्याचा लाल दिवाही गेला. मी थांबले.

आणि डोक्यावरून हाक आली — "आई."

महेशचा आवाज. रोजचीच खरखर.

ओ द्यायला माझं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. माझी आई सांगायची, तिन्हीसांजेला हाक आली की लगेच ओ देऊ नये, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबावं. मी ते मानत होते असं नाही. पण लहानपणची सवय अंगात असते, तोंड आपोआप मिटलं. मग मी वर बघितलं. लाल दिवा नव्हता. बोर्डाकडे बघितलं. बटण बंदच, आणि माझं बोट अजून त्याच्यावरच.

"आई, जरा इकडं ये."

ही हाक वरून आली नाही. ती उसातून आली. आवाज तोच... आणि खरखरही तीच, स्पीकरची. उसात कुणी माणूस उभा राहून बोलला, तर त्याच्या आवाजाला खरखर कुठून येईल?

गाईंनी रवंथ थांबवला होता. सगळ्यांची तोंडं उसाकडे.

 तिसरी हाक मला आलीच नाही. ती आली —

"इशू, कुठंय माझी?"

"आले पप्पा," अंगणातून आवाज आला, आणि पोरगी गोठ्याच्या बाजूने पळत माझ्या पुढून गेली. कॅमेऱ्याकडे तिने बघितलंही नाही. सरळ बांधाकडे.  मी नुसती धावले. ती बांध ओलांडून उसाला भिडली होती. एक हात वर करून पानांत घातलेला, लेकरू मोठ्या माणसाचं बोट धरताना करतं तसा. मी तिला कमरेला धरून मागे ओढलं.

हात लगेच सुटला नाही.

पाचटात, उसाच्या वाळल्या पानांत, स्वेटर अडकला असेल, असं मी नंतर स्वतःला समजावलं. पण स्वेटरचा एकही धागा निघाला नव्हता. घरापर्यंत ती रडत होती, "पप्पा थांबलेत ना गं, आज्जी." मी घरात शिरून कडी घातली. डबा तसाच बंद राहिला.

थोड्या वेळाने महेशचा फोन आला. वैतागला होता. म्हणाला, "डबा चालू कर ना आई. कवाचा बघतोय, कॅमेराच लागंना. पोरीशी बोलायचं राहिलं माझं."

मी विचारलं, तू मला हाक मारलीस का?

"बंद डब्यातनं कशी मारू?" तो म्हणाला.

सगळं ऐकल्यावर तो शनिवारची वाट न बघता आला. त्याचं म्हणणं, जसं चित्र अडकतं तसा आवाजही अडकला असेल, जुनी हाक मागाहून वाजली असेल. मी म्हटलं, 'इशू, कुठंय माझी' हे तू रोज म्हणतोस, ते सोड. पण 'आई, जरा इकडं ये' असं तू त्या कॅमेऱ्यातून कधी म्हणालास?  मग तो म्हणाला, कुणीतरी चेष्टा केली असेल. मालक चार माणसं घेऊन बांधाने फिरले. ओल्या मातीत इशूच्या आणि माझ्या पावलांशिवाय काही नव्हतं. बिबट्याचाही ठसा नाही. फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा लावला, तो रिकामाच राहिला.

मग तोडीची टोळी आली. आम्ही त्यांना सावध केलं होतं, मुकादमाने बायांना लेकरं जवळ ठेवायला सांगितलं. चारी बाजूंनी तोडत आणलं, मध्ये शेवटचा पट्टा उरला. आमचे मालक, शेजारी, सगळे काठ्या घेऊन उभे. एरवी त्या शेवटच्या पट्ट्यातून काहीतरी पळतंच — ससा, मुंगूस, रानमांजर. त्या दिवशी काहीच निघालं नाही. उंदीरसुद्धा नाही. मुकादम म्हणाला, "इतकी वर्सं तोडतोय, असा मुका फड न्हाई बघितला."

इशू माझ्या कडेवर होती. मोकळ्या रानाकडे बघत तिने विचारलं, "आज्जी, आता ते कुठं उभं राहणार?"

"कोण गं?"

"उसातले पप्पा."

प्राजक्ता शेजारीच होती. तिने पोरीला माझ्या कडेवरून घेतलं आणि घरात गेली. त्याच आठवड्यात महेशने पुण्याला खोली बघितली, आणि दोघींना घेऊन गेला.

पुढे नवीन फर्मवेअर आलं. डबा आता अडकत नाही, रोज बंद करावा लागत नाही. खरखरही गेली. महेश म्हणतो, बघ आई, एवढंच होतं ते. असेल. डब्याचं मला काही कळत नाही, त्यामुळे त्याला खोटं कसं म्हणू? पण बटणावर माझं बोट होतं. आणि उसात तर डबा नव्हता, कॅमेरा नव्हता, काहीच नव्हतं. 

इशूशिवाय घर खायला उठतं. परवा महेशचा फोन आला होता. म्हणाला, "दिवाळीला इशूला घिऊन येतो. लई आठवण काढती तुझी."

रानात खोडवा ठेवलाय, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटलेला ऊस. आत्ताच माझ्या डोक्याच्या वर गेलाय. दिवाळीपर्यंत अजून वाढेल.

मी अजून त्याला हो म्हटलेलं नाही.